तो चेहरा मीच काढला

पुरवणी जबाब

नाव : पहिल्या जबाबात आले आहे. सगळे गुरुजी म्हणतात. वय : ब्याऐंशी. धंदा : प्राथमिक शाळेत शिक्षक होतो, आता काही नाही. (हवालदार म्हणाले, सेवानिवृत्त लिहा. लिहिले.) राहणार : धाकट्या मुलीकडे, चित्रसंग्रहालयाच्या मागच्या रस्त्याला, सायकल दुरुस्तीच्या दुकानावर.

मी समक्ष हजर राहून, कोणी न बोलावता आणि कोणी न शिकवता लिहून देतो की, माझा पहिला जबाब घटनेच्या दिवशी संग्रहालयाच्या जिन्यापाशी उभ्या उभ्या घेतला गेला. त्यात खोटे काही नाही. परंतु त्यातील एका वाक्याचा आणि माझ्या मुलीच्या जबाबातील एका शब्दाचा अर्थ भलताच लावला गेला असून त्यापायी ती आज बाहेरच्या बाकावर बसून आहे. टाईप करणाऱ्या बाई रजेवर आहेत आणि माझे अक्षर हवालदारांना आवडले, म्हणून कागद माझ्याच हाती दिला आहे. मुद्द्याला धरून लिहा, कविता घालू नका, असे साहेबांनी बजावले आहे. प्रयत्न करतो.

माझी धाकटी मुलगी संग्रहालयात जुनी चित्रे दुरुस्त करण्याचे काम करते. घरात तिला आम्ही धाकटीच म्हणत आलो, म्हणून इथेही तसेच लिहितो. तिची खोली तळमजल्यावर उत्तरेकडे आहे. तिथे ऊन येत नाही, कारण उन्हात रंग खोटे बोलतात असे ती म्हणते. कापसाचे बोळे, बारीक कुंचले, टेबलावर वाकवलेला दिवा आणि माझ्या जुन्या चष्म्यासारखे दिसणारे एक भिंग एवढा तिचा संसार. गेल्या आठवड्यात संग्रहालयाच्या सभागृहात मध्ययुग आणि प्रबोधनकाळ यांतील चित्रकला आणि इतिहास या विषयावर परिषद भरली होती. लांबलांबचे अभ्यासक आले होते. धाकटी म्हणाली, बाबा, घरी एकटे बसून भिंतींना कविता ऐकवण्यापेक्षा चला. म्हणून गेलो. गळ्यात अडकवायला एक पट्टी दिली, तिच्यावर 'श्रोता' असे छापले होते. आयुष्यभर फळ्याकडे पाठ करून उभा राहिलो. बाकाकडून फळा कसा दिसतो ते पाहायचे राहून गेले होते.

परिषद मला आवडली. शाळाच ती. पहिला बाक रिकामा, मागे गर्दी. बोलणाऱ्याला वेळ संपल्याची चिठ्ठी दाखवणाऱ्या एक बाई होत्या आणि ती चिठ्ठी न पाहण्याची कला सर्वांना अवगत होती. एका गृहस्थांनी टेबलाखाली झोपलेल्या एका कुत्र्यावर फार वेळ भाषण केले. कुत्रा म्हणजे निष्ठा, असे ते म्हणाले. दुसरे गृहस्थ उठून म्हणाले की मला तो नुसता झोपलेला वाटतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या कुत्र्यावरून दोघे चहापर्यंत भांडले. साहेबांनी हे गाळायला सांगितले होते, पण लिहून झाले.

दुसऱ्या दिवशीचे मुख्य भाषण सरांचे होते. सर म्हणजे ज्यांच्या पुस्तकांमुळे ही परिषद भरते ते. मी त्यांना दुसरीत शिकवले आहे. संग्रहालयात सर्वांनी त्यांना 'आपण' म्हणावे हे योग्यच आहे. मला ते जमत नाही, म्हणून या जबाबात मी त्याला 'तो' लिहिले आहे. अनादर समजू नये.

तो वर्गात हुशार होता. कविता एकदा ऐकली की पाठ. फक्त पाटी पुसायला त्याच्याकडे कधी फडके नसायचे. अंगठा जिभेला लावायचा आणि पाटीवर फिरवायचा. मी रागवायचो, माझा रुमाल द्यायचो, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मुलांनी त्याचे नाव 'अंगठेबहाद्दर' ठेवले होते. वर्गात सर्वांत सुंदर अक्षर ज्याचे, त्याला सही न येणाऱ्या माणसाचे नाव, म्हणून ते सगळ्यांना फार आवडायचे. त्यालाही. पुढे मोठा झाल्यावर तो माझ्याकडे कवितांची पुस्तके न्यायला घरी येत असे. तेव्हा आमच्या घरी दोन मुली होत्या. तो आला की धाकटी थेट अंगावर जायची, दादा, दादा करत. थोरली दाराआडून बघायची. थोरली नंतर राहिली नाही. त्यालाही पुष्कळ वर्षे झाली.

आता चित्राविषयी. चित्र लाकडी फळीवर असून आकाराने शाळेच्या पाटीहून थोडे मोठे आहे. खोलीत खिडकीपाशी एक बाई वाचत बसली आहे, डाव्या कोपऱ्यात अर्धवट उघडे दार आहे आणि दारातून एक मुलगी डोकावते आहे. चित्रकाराचे नाव कोणाला माहीत नाही. हे चित्र संग्रहालयाच्या कोठीत पडून होते. ते धाकटीकडे दुरुस्तीला आले तेव्हा त्या मुलीच्या चेहऱ्याचा रंग पूर्ण गेला होता, फक्त पुसट रेषा होत्या. तो भाग धाकटीने भरला. तिच्या कामाचा नियम असा की आपण भरलेला रंग मूळ रंगासारखा दिसावा, पण ओल्या बोटाने निघावा. म्हणजे उद्या कोणाला आपली चूक वाटली तर त्याला ती दूर करता येते. मला हा नियम फार मोठा वाटतो. आमच्या धंद्यात तो नाही.

नंतर संग्रहालयाने चित्राचे फोटो त्याला पाठवले. सोबत धाकटीने कोपऱ्यातला गेलेला भाग भरल्याचे कळवले होते. त्याचा समज झाला की कोपरा म्हणजे चौकटीची कड. चेहऱ्याबद्दल त्याने विचारले नाही आणि तिने वेगळे सांगितले नाही. त्या चेहऱ्यावर त्याने पुस्तक लिहिले असून ते छपाईला जायचे आहे, हे तिला त्या भाषणातच कळले.

भाषणात त्याने असे मांडले की बाई, खिडकी, खोली हे सर्व वयस्कर चित्रकाराचे काम असून दारातला चेहरा मात्र दुसऱ्या कोणाचा आहे. या लोकांच्या बोलण्यात चित्र कोणी रंगवले याला 'हात' म्हणतात. हा मोठा हात, हा शिकाऊ हात, असे. त्याच्या मते तो चेहरा चित्रकाराच्या मुलीने रंगवला असावा, कारण इतक्या मायेने दुसरे कोणी रंगवणार नाही. त्याचे वाक्य होते, "यात मुलीचा हात आहे." पडद्यावर तो चेहरा भिंतीएवढा दाखवला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. धाकटीने माझे मनगट धरले आणि भाषण संपेपर्यंत सोडले नाही.

घटनेनंतर पोलीस आले तेव्हा मला विचारले गेले की सर काय म्हणाले. मी भाषणातले वाक्य जसेच्या तसे सांगितले, कारण तेच मला विचारले आहे असे मला वाटले. कागदावर ते 'यात मुलीचा हात आहे असे सर म्हणाले' असे उतरले आणि त्यातली मुलगी माझी झाली. माझे म्हणणे असे की ती मुलगी पाचशे वर्षांपूर्वीची आहे आणि ती होती की नाही हेसुद्धा नक्की नाही.

जेवणाच्या सुट्टीत सभागृह रिकामे झाले. मी मागच्या रांगेतच बसून राहिलो. जिन्याला माझे गुडघे घाबरतात. चित्र मंचावर उंच घडवंचीवर ठेवलेले होते. तो कागद आवरत होता. धाकटी त्याच्याकडे गेली. सभागृहात आवाज घुमत असल्याने मला स्पष्ट ऐकू आले.

ती म्हणाली, "सर, तो चेहरा जुना नाही. तो मी काढलाय."

तो हसला. म्हणाला, "तू? अगं, मी पाच वर्षं त्या चेहऱ्याबरोबर राहिलोय."

तिने रेषांचे, रंगाचे, नियमाचे सर्व सांगितले. दुपारी या चित्राच्या दुरुस्तीवर माझे भाषण आहे, त्यात हे सांगावेच लागेल, त्याआधी तुम्हालाच कळावे म्हणून आले, असेही म्हणाली. तो ऐकत होता पण चित्राकडे बघत होता. मग म्हणाला, "जुना असेल तर पुसला जाणार नाही, एवढंच ना?"

आणि त्याने उजवा अंगठा जिभेला लावला.

धाकटी म्हणाली, "दादा, नका." तिच्या तोंडून 'दादा' मी फार वर्षांनी ऐकले. बाहेर ती त्याला सरच म्हणते.

मी उठेपर्यंत झाले होते. एकदाच फिरवला, पाटीवर फिरवावा तसा, वरून खाली. चेहरा निघाला. त्याबरोबर शेजारच्या दाराचा निळा रंगही नखाएवढा उडाला. तो निळा मात्र धाकटीचा नव्हता. तो खरोखर पाचशे वर्षांचा होता आणि या गुन्ह्यात नुकसान जे काही आहे ते तेवढेच आहे.

मी मंचापर्यंत पोचलो तेव्हा तो अंगठा समोर धरून उभा होता. अंगठ्यावर कातडीच्या रंगाचा आणि कडेला निळा डाग होता. मी खिशातून रुमाल काढून त्याला दिला. का दिला असे साहेबांनी विचारले. सवय. त्याने अंगठा पुसला आणि रुमाल मला परत दिला. 

मग जेवून लोक येऊ लागले. संचालक बाई पुढे होत्या. त्यांनी चित्र पाहिले आणि हे कोणी केले असे विचारले. तो गप्प राहिला. धाकटी त्याच्याकडे बघत होती. तो बोलेल, असे तिला वाटत असावे, मलाही वाटत होते. बाईंनी पुन्हा विचारले, चेहरा कुठे गेला? तेव्हा धाकटी म्हणाली, "तो चेहरा मीच काढला होता." हे वाक्य वीसएक माणसांनी ऐकले आणि सगळ्यांनी दुपारच्या भाषणासाठी तिने शेजारच्या टेबलावर आणून ठेवलेल्या कापसाच्या बोळ्यांकडे पाहिले. तेच वाक्य तिने पोलिसांपुढे सांगितले आणि तसेच लिहिले गेले.

मी भाषेचा शिक्षक म्हणून नमूद करतो की, आपण चित्र काढतो आणि डागही काढतो. क्रियापद एकच. मूल 'मी घर काढलं' म्हणते तेव्हा आपण घर पाडले असे समजत नाही. धाकटीला 'रंगवला होता' असे म्हणायचे होते. घाबरलेले माणूस शब्द निवडत नाही, तोंडात असेल तो येतो, आणि तिच्या तोंडात तो पाचव्या वर्षापासून आहे. तरी तिच्या जबाबातील 'काढला' याच्यापुढे कृपया कंस करून 'रंगवला' असे लिहावे. दुरुस्तीआधीचे फोटो संग्रहालय शोधत आहे असे कळते. ते सापडल्यास मी लिहितो त्याची खात्री पटेल.

हे पहिल्याच दिवशी का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगतो की, चेहरा कोणी पुसला हे मला त्या दिवशी विचारले गेले नाही. न विचारता सांगणार होतो. परंतु घरी जाताना धाकटी म्हणाली, "बाबा, तुम्ही नका सांगू. त्यांचं त्यांना बोलू दे." मी म्हटले, आणि नाही बोलला तर? ती म्हणाली, "बोलतील. ते काय आजचे आहेत का." एवढे बोलून ती सायकलच्या दुकानापाशी उगाच थांबली आणि एका चाकाची हवा बघत राहिली.

तो त्या दिवशी बोलला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटीला कामावर येऊ नका म्हणून कळवण्यात आले. तिच्या खोलीला कुलूप लागले. काल मी रिक्षा करून तो उतरला आहे त्या पाहुण्यांच्या बंगल्यावर गेलो. धाकटीला सांगितले नाही. त्याने मला खुर्ची दिली, पंखा कमी केला, पाणी आणले. स्वतः पलंगाच्या कडेला बसला. साठीचा माणूस, पण गृहपाठ न केलेला मुलगा बसतो तसा.

त्याने आपणहून विषय काढला. म्हणाला, "गुरुजी, मला खरंच वाटलं जुना आहे. फोटोत पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ओळखीचा वाटला. मी हजारो चेहरे पाहिलेत, असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं, हीच ती खूण. हा चेहरा जिवंत माणसाचा आहे, रंगवणाऱ्याच्या घरातला आहे."

मी म्हटले, "बरोबरच आहे तुझं."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याला समजले. तो आमच्या घरी येत असे हे वर लिहिले आहे. दाराआडून कोण बघत असे हेही लिहिले आहे. कोठीतल्या चित्रात दारात डोकावणारी मुलगी आणि तिला चेहरा नाही, असे धाकटीसमोर आले, आणि तिने भरला. ओळखीच्या माणसाचा चेहरा परक्या चित्रात घालणे तिच्या धंद्यात बसत नाही, हे तिला ठाऊक आहे. त्याचे जे काय असेल ते तिने आपल्या संचालक बाईंपुढे सांगावे, ती सांगेल. तो पोलिसांचा विषय नाही. मी तो चेहरा दुरुस्तीनंतर पहिल्यांदा पाहिला तेव्हाच ओळखला होता. तिला बोललो नाही. तीही बोलली नाही. त्यानंतर संग्रहालयात मी बऱ्याचदा जात असे. चित्रे पाहायला.

 तो म्हणाला की त्याचे अख्खे पुस्तक त्या दारात उभे आहे. मी म्हटले, माझी मुलगी पोलिसांच्या दारात उभी आहे. तो म्हणाला, "मला थोडा वेळ द्या, गुरुजी." शाळेतही असेच म्हणायचा. पेपर गोळा करताना.

नंतर त्याने दुसरीच्या पुस्तकातली ओढ्याची कविता म्हणायला सांगितली. मी म्हटली. (इथे देत नाही.) शेवटच्या कडव्याला तोही माझ्याबरोबर म्हणू लागला. एकही शब्द चुकला नाही. मी उठलो. तो दारापर्यंत आला, वाकून पाया पडला. उद्या, म्हणजे आज, इथे येतो म्हणाला. सकाळपासून मी आणि धाकटी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. दार उघडले की ती मान वर करायची. दुपार झाल्यावर मी उठून आत आलो. ती म्हणाली, "बाबा, अजून जरा." मी थांबलो नाही.

त्याने चोरी केलेली नाही, द्वेषाने काही केलेले नाही. माझ्या मते त्या क्षणी तो दुसरीत होता. त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. परंतु अंगठा त्याचा होता, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

सदर रुमाल मी आज हजर करीत आहे. पांढरा, सुती, कडेला निळी रेघ. मी तो धुतलेला नाही. चार घड्या करून कपाटात ठेवला होता. आतल्या घडीत डाग आहे, त्यात थोडा निळा आणि बाकीचा चेहऱ्याचा. तपासणीत तो रंग नवा, पाण्याने निघणारा आहे हे दिसेल असे धाकटीचे काम पाहून मला वाटते. पण तपासणीला डाग खरवडावा लागतो, असे हवालदार म्हणाले. सगळा लागतो का, असे मी विचारले. त्यांना माहीत नव्हते. तरी रुमाल दिला आहे. काम झाल्यावर जेवढा उरेल तेवढा मला परत मिळावा, ही विनंती. पोचपावतीवर 'एक जुना रुमाल' असे लिहिले आहे, त्याला माझी हरकत नाही.

हा जबाब आरंभापासून शेवटपर्यंत माझ्या हातचा आहे. हवालदारांनी तो मोठ्याने वाचला. मधले दार उघडे असल्याने बाकावर बसलेल्या माझ्या मुलीलाही तो ऐकू गेला असावा. दाराआडून बघायची, या ठिकाणी ते थोडे थांबले, पण तिथे खाडाखोड नाही. ओढ्याच्या कवितेपाशी एक काना राहिला होता तो घातला. बाकी सांगितले तसे आहे, घडले तसे आहे.

मला सही येते. केली आहे. शेजारी अंगठ्यासाठी आखलेला चौकोन कोरा सोडला आहे.